पोटात पाणी झालेल्या सिरोसिसच्या रुग्णाला ताप आला तर

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या दिवसांत घरातल्या माणसाला कणकण आली, लघवी कमी झाली, तो थोडं भलतंसलतं बोलू लागला, की आपल्याकडे निदान आधीच ठरलेलं असतं: ऊन लागलं. मग कैरीचं पन्हं, तळपायाला कांदा, डोक्यावर ओला पंचा, आणि ‘सकाळी बघू’. उष्माघातही जीव घेतो, त्यामुळे भलतं बोलणाऱ्या माणसाला घरी ठेवणं कधीच बरोबर नाही. पण ज्याला लिव्हर सिरोसिस आहे आणि ज्याच्या पोटात पाणी झालं आहे, त्याच्या बाबतीत हीच लक्षणं त्या पाण्यात जंतू शिरल्याचीही असू शकतात. तिथे सकाळपर्यंत थांबणं परवडत नाही.

हा लेख अशा रुग्णाच्या घरच्यांसाठी आहे; आणि गावात त्याला सगळ्यांत आधी बघणाऱ्या आशाताईंसाठी, नर्सताईंसाठी, डॉक्टरांसाठीही. आयसीयूच्या दाराशी उभा असलेला मुलगा विचारतो, ‘डॉक्टर, चान्स किती?’ हा प्रश्न रास्त आहे आणि वैद्यकाकडे त्याची बऱ्यापैकी विश्वासार्ह उत्तरंही आहेत. माझं म्हणणं एवढंच, की तो प्रश्न तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाराशी उभं राहून विचारण्याऐवजी पहिल्याच दिवशी, उपचार ठरत असताना विचारावा. धोक्याचा आकडा हे भविष्य नसतं. किती घाई करायची, कोणतं औषध द्यायचं, इथेच ठेवायचं की पुढे हलवायचं, हे त्या आकड्यावरून ठरवायचं असतं.

आधी आजार समजून घेऊ. दारूने, हिपॅटायटिस बी किंवा सी ने, किंवा अलीकडे वाढलेल्या डायबिटीस आणि चरबीच्या लिव्हरने यकृत कडक होत जातं. त्यातून रक्त नीट वाहीनासं होतं, आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतला दाब वाढतो आणि पोटात पाणी साचतं. त्यालाच जलोदर म्हणतात. आतड्याची भिंत सुजलेली असते, तिच्यातून आतड्यातले जंतू, बहुतेक वेळा ई. कोलाय किंवा क्लेब्सिएला, पलीकडे झिरपतात. निरोगी शरीर त्यांना वाटेतच संपवतं. सिरोसिसमध्ये ही राखण दुबळी झालेली असते, आणि पोटातलं पाणीही जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांच्या बाबतीत गरीब असतं. आतड्याला भोक पडलेलं नसताना, अपेंडिक्स फुटलेलं नसताना जंतू पाण्यात वाढू लागतात. अमेरिकेतले डॉक्टर हॅरॉल्ड कॉन यांनी १९६४ साली या आजाराला आज रूढ असलेलं नाव दिलं. ते नाव म्हणजे स्पॉन्टेनिअस बॅक्टेरियल पेरिटोनायटिस; केसपेपरवर ते ‘एसबीपी’ असं लिहिलेलं दिसतं. त्या काळात हा आजार झालेल्यांपैकी बहुतेक जण दगावत. आज लवकर निदान होऊन योग्य उपचार मिळाले तर रुग्णालयातला मृत्युदर २० टक्क्यांच्या आसपास येतो. हा सगळा फरक लवकर ओळखण्याने आणि योग्य औषधांनी पडलेला आहे.

लक्षणं नेहमी ठळक नसतात, आणि घोटाळा होतो तो इथेच. ताप येईलच असं नाही, पोट दुखेलच असंही नाही. कित्येकदा एवढंच दिसतं की माणूस दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, ओळखीची नावं चुकतो, हात पुढे धरले की ते फडफडतात. कधी जुलाब लागतात, कधी रक्ताची उलटी होते, कधी फक्त लघवी कमी होते. काहींना तर काहीच जाणवत नाही. वेगळ्याच कारणासाठी भरती झाल्यावर पाणी तपासलं आणि संसर्ग निघाला, असं घडतं. म्हणूनच जगभरातल्या यकृततज्ज्ञांच्या संघटनांचा सल्ला एकच आहे: पोटात पाणी असलेला सिरोसिसचा रुग्ण कोणत्याही कारणाने तातडीने भरती झाला, तर त्याचं पाणी तपासायचंच.

पाण्याची तपासणी, आणि तिच्याविषयीची भीती

‘पाणी काढलं की माणूस खचतो’ हे वाक्य शिरपूरपासून रावेरपर्यंत कुठेही ऐकू येतं. ते अगदी निराधार नाही. एका बैठकीत पाच-सात लिटर पाणी काढलं आणि सोबत अल्ब्युमिन दिलं नाही, तर रक्ताभिसरण कोलमडू शकतं, किडनी बंद पडू शकते. असं झालेलं कुणी पाहिलेलं असतं आणि ती भीती गावभर पसरते. पण इथे आपण ज्या तपासणीविषयी बोलतोय, तिच्यात एका सुईने २०-३० मिलिलिटर पाणी घेतात. त्याने कुणी खचत नाही. आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचं माप) वाढलेला आहे, प्लेटलेट कमी आहेत, म्हणून ही तपासणी पुढे ढकलण्याचं किंवा आधी प्लाझ्मा चढवण्याचं सहसा कारण नसतं. गंभीर रक्तस्राव हजारात एखाद्यालाही क्वचितच होतो. तपासणी न करण्यातला धोका याच्या कितीतरी पट मोठा आहे. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भरती झाल्यापासून बारा तासांच्या आत ज्यांचं पाणी तपासलं गेलं त्यांच्यापेक्षा उशीर झालेल्यांमध्ये मृत्यूची शक्यता २.७ पट निघाली, आणि उशिराच्या प्रत्येक तासागणिक मृत्युदर सुमारे ३.३ टक्क्यांनी वाढत गेला.

तेव्हा संमतीचा कागद पुढे आला, तर घाबरून ‘आधी सगळ्यांना विचारतो’ म्हणत अर्धा दिवस घालवू नका. आणि कुणी या तपासणीचं नावच काढलं नाही, तर नम्रपणे विचारा: ‘डॉक्टरसाहेब, पोटातल्या पाण्याच्या पेशी मोजायच्या का? अँटिबायोटिक सुरू करण्याआधी कल्चर घ्यायचं का?’ या दोन प्रश्नांचं कुणाही चांगल्या डॉक्टरला वाईट वाटणार नाही.

रिपोर्ट वाचणं अवघड नाही. प्रत्येक घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल पेशी २५० किंवा त्याहून जास्त असतील, तर संसर्ग आहे असं धरून उपचार लगेच सुरू करायचे. कल्चरची वाट पाहायची नाही. पुष्कळ लॅब एकूण पेशी आणि त्यांतली टक्केवारी वेगवेगळी देतात. एकूण ८०० पेशी आणि न्यूट्रोफिल ७० टक्के, म्हणजे ५६० झाल्या, निदान पक्कं. पाणी रक्ताळलेलं असेल तर दर २५० तांबड्या पेशींमागे एक न्यूट्रोफिल वजा करतात. पेशी मोजायला मायक्रोस्कोप आणि सवयीचा तंत्रज्ञ लागतो, तो तालुक्याच्या लॅबमध्येही असतो. अट एवढीच की नमुना ताजा हवा. संध्याकाळी काढलेलं पाणी सकाळपर्यंत पडून राहिलं तर पेशी फुटतात, आकडा खोटा कमी येतो आणि ‘नॉर्मल आहे’ असा गैरसमज होतो. कल्चरसाठीचं पाणी रुग्णाच्या खाटेपाशीच ब्लड कल्चरच्या बाटलीत घातलं तर जंतू सापडण्याची शक्यता बरीच वाढते. साध्या डबीत पाठवलेल्या पाण्यात ते पुष्कळदा सापडतच नाहीत.

दोन वेगळ्या शक्यता डॉक्टर तपासतात, त्या माहीत असाव्यात. पाण्यात एकाच वेळी अनेक जातींचे जंतू, साखर फार कमी, प्रथिनं आणि एलडीएच जास्त, असं चित्र असेल तर आतड्याला भोक पडल्याची शंका घेऊन सीटी स्कॅन करावं लागतं आणि सर्जनला बोलवावं लागतं. आणि लिम्फोसाइट पेशी जास्त असतील तर पोटाच्या टीबीचा विचार करावा लागतो. पण सिरोसिसच्या रुग्णाला नुसत्या अंदाजाने टीबीची औषधं सुरू करू नयेत, कारण त्यांतली तीन औषधं यकृतालाच त्रास देतात.

धोक्याचा आकडा कसा काढतात

सिरोसिस किती पुढे गेला हे सांगणारी जुनी पद्धत चाइल्ड-पग. तिचं मूळ १९६४ सालचं, आजचं रूप १९७३ सालचं. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्याचा वेळ, पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम या पाच गोष्टींवरून अ, ब, क असे वर्ग पाडतात. खाटेपाशी उभं राहून अंदाज घ्यायला ती चांगली आहे. पण तिच्यात किडनी नाही, आणि या आजारात माणूस जगणार की जाणार हे बऱ्याच अंशी किडनीवर ठरतं.

दुसरी पद्धत मेल्ड. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये २००० सालाच्या सुमारास ती तयार झाली आणि २००२ पासून तिथे यकृत कुणाला आधी मिळावं हे तिच्यावर ठरू लागलं. बिलिरुबिन, आयएनआर आणि किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, हे तीन रिपोर्ट पुरतात; नंतर त्यात सोडियमचीही भर पडली. हिशेब फोनवरही करता येतो. आकडा ६ पासून ४० पर्यंत जातो, आणि जितका मोठा तितका धोका जास्त.

संसर्ग झालेल्या रुग्णासाठी या मेल्डला रक्तातल्या पांढऱ्या पेशींची जोड देणारी एक सोपी रीत २०१३ साली पुढे आली. कॅनडातल्या रुग्णांवरून ती बांधली आणि कोरियातल्या रुग्णांवर पडताळली. मेल्ड २२ किंवा जास्त आणि पांढऱ्या पेशी ११,००० किंवा जास्त, अशा दोन्ही गोष्टी असतील, तर महिनाभरात साधारण निम्मे रुग्ण दगावले. दोनपैकी एक असेल तर सुमारे एक तृतीयांश. दोन्ही नसतील तर दहांत एकाहूनही कमी. आकडे कॅनडा-कोरियाचे आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे आपल्या रुग्णाला चिकटवू नयेत. आपल्याकडे औषधांना दाद न देणारे जंतू जास्त आहेत, म्हणजे हिशेब थोडा कडकच धरावा. पण कोण कोणत्या गटात, हे कळायला ही रीत पुरेशी आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, चोपडा तालुक्यातल्या पन्नाशीच्या एका शेतकऱ्याचं बिलिरुबिन ४, आयएनआर २, क्रिएटिनिन १ आहे. मेल्ड आला १९. पांढऱ्या पेशी १४,०००. म्हणजे तो मधल्या गटात. आता दोन दिवस घरीच गेले, उलट्या-जुलाब झाले, पाण्याच्या गोळ्या चालूच राहिल्या, कुणीतरी अंगदुखीचं इंजेक्शन दिलं, आणि क्रिएटिनिन १.८ झालं. बाकी काहीही बदललं नाही, तरी मेल्ड २५. तो वरच्या गटात गेला, जिथे निम्मे वाचत नाहीत. यकृत तेच होतं. दोन दिवसांत बिघडली ती किडनी. आणि किडनी हा या आजारातला असा भाग आहे, जो आपण बऱ्याचदा वाचवू शकतो.

क्रिएटिनिनबाबत आणखी एक सावधगिरी. ते स्नायूंतून येतं. सिरोसिसचा रुग्ण कसा दिसतो? पोट मोठं आणि हातापायांच्या काड्या. अशा माणसाचं क्रिएटिनिन १.१ आलं की लॅबचा कागद ‘नॉर्मल’ म्हणतो, पण त्याची किडनी तोवर बरीच खालावलेली असू शकते. बायकांच्या बाबतीत तर मेल्ड धोका कमी दाखवतो हे लक्षात आल्याने त्याच्या अलीकडच्या आवृत्तीत स्त्री रुग्णाला वेगळे गुण दिले जातात. म्हणून एकट्या आकड्याकडे न पाहता त्याची चाल पाहावी. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने जरी वाढलं, तरी किडनीला मार बसला असं तज्ज्ञ मानतात. महिन्यापूर्वीचं क्रिएटिनिन ०.७ होतं आणि आज १.१ आहे, हे सांगणारा जुना कागद तुमच्या पिशवीत असेल तर तो डॉक्टरांच्या फार कामाचा आहे.

अति गंभीर रुग्णासाठी आणखी मोजमापं आहेत. युरोपात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात किती अवयव निकामी झाले यावरून श्रेणी ठरवल्या. पहिल्या श्रेणीत २८ दिवसांतला मृत्युदर सुमारे २२ टक्के, दुसरीत ३२, तिसरीत ७७. ही श्रेणी भरतीच्या दिवशीपेक्षा तिसऱ्या ते सातव्या दिवशी पाहिली तर अंदाज जास्त खरा ठरतो. पहिल्या दिवशीच्या भयानक आकड्याने हात-पाय गाळू नयेत, ते यासाठी.

अल्ब्युमिन, आणि आपल्याकडे ते का राहून जातं

१९९९ साली स्पेनमध्ये १२६ रुग्णांवर एक चाचणी झाली. अर्ध्यांना फक्त अँटिबायोटिक, अर्ध्यांना त्यासोबत अल्ब्युमिन. किडनी बिघडण्याचं प्रमाण ३३ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आलं, आणि रुग्णालयातले मृत्यू २९ टक्क्यांवरून १० वर. या आजाराच्या इतिहासात एका साध्या सलाइनसारख्या औषधाने एवढा फरक पाडल्याचं दुसरं उदाहरण सापडणं अवघड.

मात्रा वजनावर असते: पहिल्या दिवशी किलोमागे दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला पहिल्या दिवशी ९० ग्रॅम आणि तिसऱ्या दिवशी ६०. शंभर मिलिलिटरच्या २० टक्क्यांच्या बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणजे सात-आठ बाटल्या. एका बाटलीला काही हजार रुपये पडतात. इथेच घरचे अडखळतात. ‘एक बाटली देऊन बघू, फरक पडला तर दुसरी’ असं होतं. त्या एका बाटलीचा उपयोग जवळपास नाही. पैसे कमी असतील तर हे डॉक्टरांना उघडपणे सांगा आणि विचारा की आमचा रुग्ण अल्ब्युमिनचा सगळ्यांत जास्त फायदा होणाऱ्या गटात आहे का. तो गट ठरलेला आहे: क्रिएटिनिन १ च्या वर, किंवा बिलिरुबिन ४ च्या वर, किंवा बीयूएन ३० च्या वर. आपल्याकडच्या बहुतेक लॅब बीयूएनऐवजी युरिया देतात. ३० बीयूएन म्हणजे सुमारे ६४ युरिया. हा फरक न कळल्याने घरचे कधी उगाच घाबरतात. मात्र अल्ब्युमिन डोळे झाकून चढवायचंही औषध नाही. हृदय दुबळं असेल, धाप लागत असेल, तर फुप्फुसात पाणी होऊ शकतं, म्हणून देताना रुग्णाकडे लक्ष हवं.

पैशाची बाजू पहिल्याच दिवशी लावून घ्या. राज्याची जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत आधी सुरू झाली त्यांत धुळे होतं. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने सगळ्या महाराष्ट्रात आहे. योजनेत असलेल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचा कक्ष असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन, भरती होतानाच तिथे जा. औषधं विकत आणून झाल्यावर बिलं दाखवली तर ती सहसा परत मिळत नाहीत.

अँटिबायोटिक आणि पहिले ४८ तास

संसर्ग घरून आला की रुग्णालयात लागला, यावर औषध ठरतं. घरून आलेल्यासाठी पुस्तकात सेफोटॅक्सिम किंवा सेफ्ट्रियाक्सोन लिहिलेलं असतं. पण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या जगभरातल्या ४६ केंद्रांच्या अभ्यासात, सिरोसिसच्या रुग्णांतल्या संसर्गांत ज्यांचे जंतू सापडले त्यांतले सुमारे एक तृतीयांश अनेक औषधांना दाद न देणारे निघाले, आणि भारतात हे प्रमाण फारच जास्त होतं. म्हणून डॉक्टर पहिल्यापासूनच जड औषध निवडतात तेव्हा ते उगाच नसतं. तुमच्याकडून त्यांना दोन गोष्टी कळायला हव्यात: गेल्या तीन महिन्यांत रुग्ण कुठे भरती होता का, आणि अलीकडे कोणत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या-इंजेक्शनं झाली. नावं आठवत नसतील तर रिकाम्या स्ट्रिप आणि बाटल्या आणा. गावातल्या डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन लपवू नका. त्यावरून कुणी रागावलं तरी चालेल.

४८ तासांनी पुन्हा पाणी तपासतात. पेशी २५ टक्क्यांनीसुद्धा कमी झाल्या नाहीत, तर औषध लागू पडत नाही किंवा आजार वेगळाच आहे असं समजतात. ही दुसरी तपासणी टाळू नका. रुग्ण वाचेल की नाही याचा सगळ्यांत प्रामाणिक संकेत तिच्यातून आणि त्याच दिवशीच्या क्रिएटिनिनमधून मिळतो.

या काळात पाण्याच्या गोळ्या, आणि शिरांवरचा दाब कमी करणारं प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल चालू ठेवायचं का, हे विचारा. रक्तदाब ९० च्या खाली असेल किंवा किडनीला मार बसला असेल तर ती औषधं सहसा थांबवतात. घरून आणलेल्या डबीतून सवयीने देत राहू नका. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइडसारखी दुखणं थांबवणारी औषधं, जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं, ही किडनीला घातक. केळीच्या बागेत, कापसाच्या शेतात दिवसभर राबल्यावर अंगदुखीची गोळी खिशात असणं ही आपल्याकडची रीतच आहे; सिरोसिसच्या रुग्णाच्या खिशातून ती काढून घ्या. ताप-दुखण्याला पॅरासिटामॉल, दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, डॉक्टरांना विचारून.

कुठे न्यायचं

पेशी मोजणं, पहिला डोस देणं, सलाइन लावणं हे उपजिल्हा रुग्णालयातही होऊ शकतं, आणि तिथे ते होऊ द्यावं. पहिला डोस न देता गाडीत घातलेला रुग्ण वाटेतले तास हरवून बसतो. त्यानंतर आकडे पाहा. मेल्ड २२ च्या वर, क्रिएटिनिन चढतंय, भान हरपतंय, रक्तदाब खाली, यांपैकी काही असेल तर आयसीयू आणि चोवीस तास लॅब असलेल्या ठिकाणी न्या. धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि २०१८ साली सुरू झालेलं जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ही सरकारी ठिकाणं दोन्ही जिल्ह्यांना जवळ आहेत. १०८ ला फोन करा. खासगी जीपमध्ये मागच्या सीटवर आडवा टाकून नेऊ नका.

मुंबई-पुण्याला हलवण्याचा प्रश्न वेगळा. तिथे यकृत प्रत्यारोपण होतं आणि यकृताच्याच आजारांचे तज्ज्ञ आहेत. पण रक्तदाब औषधांवर टिकवलेल्या माणसाला तीनशे-चारशे किलोमीटर नेणं हा जुगार ठरू शकतो. माझ्या मते हलवायचं असेल तर ते पहिल्या दोन दिवसांत, रक्तदाब सावरल्यावर, पुढच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून, पाण्याच्या कल्चरचा नमुना क्रमांक सोबत घेऊन. चौथा अवयव निकामी झाल्यावर, ‘काहीच केलं नाही असं नको’ म्हणून हलवलेल्या रुग्णांचा शेवट पुष्कळदा रस्त्यातच होतो. हे लिहिताना जड जातं, पण घरच्यांना ते आधी कळलेलं बरं.

त्याचमुळे चान्सविषयीचं बोलणं नीट व्हायला हवं. घरातून एकच माणूस ठरवा, जो डॉक्टरांशी बोलेल. पाच पाहुण्यांनी पाच वेळा विचारलं की उत्तरंही पाच होतात. विचारा: मेल्ड किती आला, कालच्यापेक्षा वर की खाली, किती अवयवांवर परिणाम आहे, आणि पुढचे तीन दिवस कशाकडे बघायचं. ‘वाचेल का?’ याला डॉक्टर हो-नाही देऊ शकत नाहीत. या प्रश्नांना देऊ शकतात. सातव्या दिवशीही चार अवयव बंद असतील, प्रत्यारोपण शक्य नसेल, तर यंत्रांवर ठेवत राहायचं की वेदना, धाप, अस्वस्थता कमी करत घरच्यांजवळ ठेवायचं, हा निर्णय घरच्यांनी डॉक्टरांसोबत बसून घ्यायचा. तो घेणाऱ्याला ‘पैशासाठी सोडलं’ असं कुणी नातेवाइकाने म्हणू नये. शेत गहाण टाकून विकत घेतलेले दोन दिवस त्या माणसाच्या कामाचे नसतात, हे मला पक्कं वाटतं.

वाचलेल्या रुग्णासाठी

बरा होऊन घरी आलेल्याला वर्षभरात हा संसर्ग पुन्हा होण्याची शक्यता, प्रतिबंध केला नाही तर, दोन तृतीयांशांच्या आसपास असते. स्पेनमध्येच १९९० साली झालेल्या चाचणीत रोजच्या नॉरफ्लॉक्सॅसिनच्या गोळीने ती ६८ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. आज जंतूंची दाद बघून ही किंवा दुसरी गोळी डॉक्टर ठरवतात. ती घेण्याची शिस्त घरच्यांनी ठेवायची. एकदा हा आजार झाला की प्रत्यारोपणाच्या तज्ज्ञाला एकदा तरी दाखवावं, ते परवडणार नाही असं आधीच धरून न बसता. दारू असेल तर ती पूर्ण बंद. मोहाची शुद्ध असते, म्हणून चालते, असं काही नाही. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे बिबडे, पापड, लोणचं, बाजारची शेवभाजी ताटातून जाणार. पण डाळ, अंडी, दूध बंद करू नका. कावीळ आहे म्हणून नुसत्या उसाच्या रसावर आणि उकडलेल्यावर ठेवलेला रुग्ण महिन्याभरात स्नायू गमावतो, आणि स्नायू गेलेला रुग्ण पुढच्या संसर्गात टिकत नाही. हिपॅटायटिस बी आणि सी ची तपासणी आणि औषधं २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या.

आणि एक काम आज रात्रीच करा. एका कागदावर रुग्णाचं वजन, बरा असतानाचं क्रिएटिनिन आणि सोडियम, चालू गोळ्या, आधीच्या कल्चरमध्ये निघालेला जंतू, आणि जवळच्या रुग्णालयाचा फोन लिहा. तो कागद फाइलच्या पहिल्या पानावर लावा, त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवा, आणि ताप आला, बोलणं बदललं किंवा लघवी कमी झाली की तो घेऊन त्याच तासाला निघा.